फ्लॅपची मोटार आणि वैनींचे जोड

मोटार बंद पडली की गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवरूनच विचारतं, काय झालं असंल मिस्त्री? माझं उत्तर ठरलेलं: उघडल्याबिगर सांगत न्हाई. ज्याला घाई असंल त्यानं ज्योतिषाकडं जावं. तीसेक वर्षं मी सिरसाळ्यात मोटारी भरतोय. भरतोय म्हणजे जळालेली तांब्याची तार उपसून नवी गुंडाळतोय. विहिरीच्या मोटारी, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या, सगळ्या. एवढ्या वर्षांत एकच मोटार मी न उघडता सांगितली, आणि तीही खोटी सांगितली. ती विमानाची होती.

आता विमान म्हणलं की समोरचा हसतो. मीपण हसलतो. सिरसाळ्याहून तेलगावच्या रोडला लागलं की आत माळावर मेजरचं शेत आहे. मेजर म्हणजे खरे मेजर नाहीत. हवाई दलात विमानांच्या इंजिनांवर काम करून रिटायर झालेले. पण आमच्याकडं फौजेतून जो परत येतो त्याला गाव मेजरच करून टाकतं, हुद्दा कोण विचारतंय? त्यांनी माळावर पत्र्याचं शेड घातलं आणि त्यात दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. नकाशे बाहेरून मागवले, ॲल्युमिनियमचे पत्रे आणले, आणि रोज थोडं थोडं करत अकरा वर्षं लावली. परवानग्यांच्या कागदांनीच एक ट्रंक भरली. गावानं पहिली दोन वर्षं चेष्टा केली, मग गावच कंटाळलं.

पत्रे मेजरनं ठोकले, पण आतली वायर न् वायर वैनींनी जोडली. वैनी म्हणजे मेजरच्या घरच्या. त्या पूर्वी शिवणकामाचा क्लास चालवायच्या, त्यामुळं हात स्थिर आणि नजर सुईच्या नाकातून जाणारी. मेजरला जवळचं बारीक दिसायचं नाही, आणि वर चिडचिड. एके दिवशी त्यांच्या हातून तीच वायर तिसऱ्यांदा तुटली, तशी वैनींनी त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला आणि तो परत दिलाच नाही. विमानात वायरीला कथलाचा डाग देऊन चालत नाही. टोकाला धातूची टोपी घालून ती खास चिमट्यानं दाबतात, तिला आम्ही लग म्हणतो. वैनींनी एकेक लग दाबला आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला रंगीत दोरा गुंडाळला. दिव्यांना पिवळा, पेट्रोलच्या पंपाला हिरवा, फ्लॅपला लाल. मी इतक्या कारखान्यांचं वायरिंग बघितलं, पण असं देखणं काम बघितलं नाही. मेजरच्या तोंडावर तसं म्हणलो तर ते म्हणले, "तिला काय, शिवणच ते." मला तवाच राग आलता, पण दुसऱ्याच्या घरात मी तोंड घालत नाही.

ठरलं असं होतं की मेजर आधी एकटे उडून विमानाचे ठरलेले तास पुरे करतील, आणि ते झाले की उजव्या सीटवर पहिल्यांदा वैनी बसतील. मेजरच्या सख्ख्या भावानं हट्ट धरला तरी त्याला नाहीच सांगितलं. वैनी ह्यावर कधी बोलायच्या नाहीत. पण त्या सीटची गादी त्यांनी स्वतः शिवली होती आणि तिच्यावर कोणाला टेकू द्यायच्या नाहीत. मी एकदा नुसता पान्हा ठेवला, तर म्हणल्या, "भाई, उचला तो." मी मुकाट्यानं उचलला.

फ्लॅप म्हणजे काय ते सांगतो, मलापण मेजरनं शेतातल्या मातीत काडीनं रेघा मारून सांगितलं होतं. पंखाच्या मागच्या कडेला दोन फळ्या असतात. उतरताना बटन दाबलं की एक मोटार त्या खाली सोडते. मग विमान हळू उडू शकतं आणि आखूड जागेत उतरतं. मेजरची पट्टी म्हणजे मुरूम दाबून केलेला रस्ता, एका टोकाला शेजाऱ्याचा ऊस, दुसऱ्या टोकाला नाला. तिथं फ्लॅपशिवाय उतरणं म्हणजे थेट नाल्यात आंघोळ. पण त्याच फळ्या खाली असल्या की विमानाला वर चढायला जड जातं. म्हणून उतरता उतरता काही अडचण आली आणि परत वर जायचं झालं, तर फळ्या पटकन उचलाव्या लागतात. हे सगळं काम करणारी मोटार मुठीएवढी, सीटच्या मागं पत्र्याच्या झाकणाखाली बसवलेली.

त्या मोटारीला माझा हात लागला तो खंडेनवमीला. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं, मशिनी धुऊन पुसून पुजतात. मी मुसलमान, पण दुकानातली दोन्ही माणसं हिंदू आणि गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. माझ्या वायंडिंगच्या मशिनीला त्या दिवशी झेंडूचा हार असतो. आणि मी सकाळपासून ग्रीसगन घेऊन निघतो, वर्षभरात ज्या ज्या मशिनीला माझा हात लागला तिला ग्रीस मारत फिरतो. त्याचे कोणाकडून काही घेत नाही. अब्बांपासूनची रीत आहे. धर्म कोणताबी असू दे, बेअरिंग सगळ्यांचं सुकतं.

मेजरच्या शेडात त्यांच्या बॅटरीचं आणि दिव्यांचं काम मी केलतं, म्हणून गेल्या खंडेनवमीला तिकडं गेलो. मेजर परळीला गेलते. विमानाच्या पंख्याला हळदीकुंकवाची बोटं लावलेली, नाकावर हार. वैनी चुलीपाशी होत्या. मी झाकण काढून फ्लॅपची मोटार बघितली. मोटारीला लागून गिअरचा डबा आणि त्या डब्याला एक बारका स्क्रू. विहिरीच्या पंपाच्या बेअरिंगला ग्रीस मारायचं तोंड असतं, तसंच हे असणार, असं मी धरून चाललो. स्क्रू काढला, ग्रीसगनचं तोंड टेकवलं, दांडा दाबला. आमच्या धंद्याचा नियम लहान पोराला पण पाठ असतो: जुनं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येईस्तोवर नवं भरत राहायचं. पंपाला ते येतं. इथं येईचना. मी आणखी मारलं. तरी येईना. मी म्हणलं, सुकलंय वाटतं बिचारं, आणि आणखी मारलं. शेवटी डब्यातून मोटारीत जाणाऱ्या फिरत्या दांड्यापाशी थोडं पिवळं दिसलं, तसा मी खूश झालो. स्क्रू लावला, पुसलं, चहा पिऊन घरी गेलो. त्या डब्याला बाहेर पडायचं दुसरं तोंडच नव्हतं. मला ते कोणी सांगितलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. विचारलं तर मिस्त्री कसला, नाही का?

दीडेक महिना सगळं नीट चाललं. मेजरचे एकट्यानं उडायचे तास नुकतेच पुरे झालते, आणि मग एका शुक्रवारी सकाळी ते झालं. शुक्रवारी मी दुकान जुम्म्याची नमाज झाल्यावरच उघडतो, म्हणून मेजर उडणार असले की सकाळी बघायला जायचो. आजूबाजूचे पाचसात शेतकरी यायचे, कापूस वेचणाऱ्या बाया मान वर करून उभ्या राहायच्या. मेजर दोन चकरा मारून उतरायला आले. फ्लॅप पुरे खाली. चाकं आता टेकणार, तेवढ्यात नाल्यातून शेळ्यांचा कळप वर आला आणि सरळ पट्टीवर. मेजरनं इंजिनाला जोर दिला. विमान ओरडायला लागलं पण वर काही जाईना. फ्लॅप तसेच खाली लोंबत होते. समोर ऊस, उसाला तुरे आलेले. चाकं त्या तुऱ्यांतून गेली. तुऱ्यांचा पांढरा भुस्सा उडाला तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. वैनी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात तोंडावर दाबले आणि विमान पुन्हा दिसेपर्यंत काढले नाहीत.

मेजरनं विमान कसंतरी लांबून वळवून आणलं आणि उतरवलं. शेळ्या तोवर कोणीतरी हाकलल्या होत्या. मेजर खाली आले तर चेहरा राखेसारखा. माणूस भ्यायला की रडतो किंवा ओरडतो. मेजर ओरडले, आणि कोणावर? सगळ्यांच्या देखत वैनींवर.

"बटन दाबून दाबून अंगठा मोडला माझा! तुझ्या जोडानं आज मारलं असतं मला. कच्चा जोड ठेवलाय कुठंतरी."

शेतकरी खाली बघायला लागले. मेजर माझ्याकडं वळले, "मिस्त्री, बघा."

मी मीटर घेऊन आत वाकलो. झाकण काढलं. मोटारीच्या वायरीवर मीटर लावला, बटन दाबायला लावलं. बारा व्होल्ट, बरोबर. म्हणजे करंट मोटारीपर्यंत येत होता. तरी मोटार हलेना. मी पेचकसाच्या मुठीनं मोटारीला टक्कन् एक ठोका दिला. मोटार चालू झाली आणि फ्लॅप गपगुमान वर गेले. आता ठोका दिल्यावर चालणारी मोटार म्हणजे काय, ते माझ्या दुकानातला झाडू मारणारासुद्धा सांगंल. आत कार्बनचे दोन तुकडे असतात, ते फिरत्या भागावर टेकून करंट देतात. ते नीट टेकत नसले की मोटार अडते. आणि ते का टेकत नाहीत, तेही मला त्याच क्षणी दिसलं. मोटारीच्या फटीतून पिवळं ग्रीस पाझरत होतं. माझंच ग्रीस. डब्यातून दांड्यावरून थेट मोटारीच्या पोटात गेलेलं.

मेजर मागून विचारत होते, "काय हाय?" बाहेर ते पाचसात जण, सगळे माझे गिऱ्हाईक. मी चिंधीनं ते ग्रीस पुसलं आणि म्हणलो, "लूज कॉन्टॅक्ट वाटतोय कुठंतरी."

लूज कॉन्टॅक्ट! ज्या मिस्त्रीला खरं सांगायचं नसतं तो हेच सांगतो. गिऱ्हाईकाला ते पटतं पण आणि कोणाचं नाव पण येत नाही. इथं मात्र आलं. मेजर म्हणले, "म्हणजे वायरिंगच. ठोका दिला, वायर हलली, चाललं." आणि वैनींकडं बघून म्हणले, "फ्लॅपच्या सगळ्या वायरी परत जोड. तोवर हे विमान उडणार न्हाई. आणि तुला तर मी त्यात बसवणारच न्हाई. माझा जीव मी धोक्यात घालीन, पण असल्या जोडावर तुझा घालणार न्हाई." हे त्यांनी मायेनं म्हणलं असंल, पण वैनींचं तोंड मी बघितलं. अकरा वर्षांची सीट एका वाक्यात गेली होती. आणि ती माझ्यामुळं गेली होती.

सांगायचं तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. घरी येताना रस्ताभर मी स्वतःची समजूत काढत होतो. म्हणलं, नाहीतरी विमान जमिनीवरच आहे, कोणाच्या जिवाला धोका नाही. म्हणलं, दोन दिवसांनी कसलंतरी निमित्त काढून मोटार काढून आणू, धुऊन बसवू, झाकली मूठ सव्वा लाखाची. माणूस स्वतःला फसवायला लागला की वकिलाला मागं टाकतो. रात्री जेवताना बायको म्हणली, "इत्ता चुप कायकू बैठे?" मी तिच्यावरच भडकलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?

मधे दोनदा मी शेडात गेलो. वैनी विमानात आडव्या पडून जोड कापत होत्या. जुना लग कापायचा, वायर सोलायची, नवा लग घालायचा, चिमटा दाबायचा, लाल दोरा पुन्हा गुंडाळायचा. पाठीला उशी, डोक्याला बॅटरी बांधलेली. मेजर बाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि मधून मधून विचारायचे, "सापडला का?" वैनी आतून म्हणायच्या, "न्हाई अजून." मी म्हणलं, "वैनी, जरा मोटार काढून नेऊ का, साफ करून आणतो." मेजर लगेच म्हणले, "मोटारीला काय झालंय? तुमीच म्हणला ना, लूज कॉन्टॅक्ट हाय. आधी हे होऊ द्या." माझ्या शब्दाला एवढी किंमत होती. माझा शब्दच आडवा पडला होता. मी चहा पिलो आणि परत आलो. स्वतःचा इतका राग आला की दुकानात आल्यावर चांगली कॉइल चुकीची गुंडाळली, परत उसवावी लागली.

पुढच्या शुक्रवारी सगळं जोडून झालं. मेजर आत बसले, बटन दाबलं. फ्लॅप थोडे खाली आले आणि अडकले. परत दाबलं, काही नाही. वैनी बाहेर उभ्या होत्या. त्यांनी मेजरकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "भाई, आता तरी मोटार खोलून बघता का?" त्यात रागसुद्धा नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मोटार दुकानात आणली आणि उघडली. आत सगळं काळं लोणी झालेलं. पिवळं ग्रीस कार्बनच्या भुकटीत कालवून त्याचा राडा, फिरत्या भागाच्या खाचा बुजलेल्या, एक कार्बन तर आपल्या जागेत चिकटूनच बसलेला. गरम झालं की ग्रीस पातळ होऊन आणखी आत. सगळं पेट्रोलनं धुतलं, खाचा आगपेटीच्या काडीनं कोरून काढल्या, बारीक पॉलिश पेपर फिरवला, त्या चिकटलेल्याच्या जागी दुकानातला एक मोठा कार्बन कानशीनं घासून मापाचा करून बसवला. गिअरच्या डब्यातलं ग्रीस काढून बोटानं पुसल्यासारखं जरासं ठेवलं आणि दांड्याला रबरी सील बसवलं. दोन तासांचं काम. टेबलावर बॅटरी लावून ती मोटार उलटी सुलटी पन्नास वेळा फिरवली, एकदाही अडली नाही.

शनिवारी सकाळीच जाऊन बसवली. मेजरनं बटन दाबलं. फ्लॅप खाली, फ्लॅप वर, खाली, वर, चोख. मेजर उडी मारून बाहेर आले. खूश! इतके खूश मी त्यांना पहिल्यांदा विमान उडालं त्या दिवशी बघितलं होतं. मला म्हणले, "बघा मिस्त्री! म्हणलं नव्हतं? वायरी बदलल्या, मोटार जरा पुसली, अन् चाललं. जोडच होता." वैनी शेडाच्या कोपऱ्यात खाली बसून वायरीचे तुकडे झाडत होत्या. झाडणं थांबलं नाही.

मी गप्प राहिलो असतो तर ते कायमचं तसंच राहिलं असतं. सगळ्या गावात झालंच होतं की बाईच्या जोडानं मेजर मरता मरता वाचले. वरून पुढच्या खंडेनवमीला कोणीतरी परत त्या स्क्रूतून ग्रीस मारलं असतं, कदाचित मेजरनंच. मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"मेजर, वायरीचा काय संबंध न्हाई."

"मंग कशाचा?"

"माझा. खंडेनवमीला तुमी नव्हता, तवा मी मोटारीला ग्रीस मारलं. पंपाला मारतो तसं, ठासून. ते मोटारीत गेलं. त्या दिवशी मी झाकण काढलं तवाच मला दिसलं. मी पुसून टाकलं आणि लूज कॉन्टॅक्ट म्हणलो."

मेजर जवळ आले. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तरी मी हात वर केला नसता. "अबे, मी त्या उसात मेलो असतो."

"व्हय."

"अन् तू बघून सवरून आठ दिवस गप्प?"

"व्हय. चुकलो, लई चुकलो."

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून शेडाच्या भिंतीवर आपटला. मग बोट दाखवून म्हणले, "ती ग्रीसगन घेऊन ह्या शेडात पुन्हा पाय ठेवू नको. रिकाम्या हातानं ये." मी मान हलवली. एवढ्यावर सुटलो असं वाटून मी माझी हत्यारं गोळा करायला लागलो. मेजरनं दोन तांबे पाणी पिलं, चूळ भरली, आणि काहीच झालं नाही अशा आवाजात वैनींना म्हणले, "चल मंग, मिटलं. वारा पडलेला हाय. मी एक चक्कर मारून येतो, मग तुला बसवतो. आवर."

वैनी उठल्या. आवरायला घरात गेल्या असं आम्हाला वाटलं. परत आल्या तर हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा. तो त्यांनी मेजरच्या खुर्चीपुढं ठेवला आणि झाकण काढलं. आत कापलेले जोड. आठवडाभरात कापलेला प्रत्येक जुना जोड, मागं वीतभर वायर ठेवून, लाल दोऱ्यासकट. एकही टाकला नव्हता.

"हे काय?" मेजर म्हणले.

"माझे कच्चे जोड," वैनी म्हणल्या. "जोड पक्का का कच्चा ते ओढून कळतं, तुमीच शिकवलं मला. आठ दिवस तुमी खुर्चीवर बसून सापडला का सापडला का विचारलं. एक तरी जोड हातात घेऊन ओढला का?"

"अगं, आता मिस्त्रीनं सांगितलं ना, कळलं सगळं..."

"भाईनं सांगितलं म्हणून कळलं. भाई त्या दिवशी खोटं बोलले तवाबी तुमाला कळलंच होतं." त्यांनी डबा पायानं पुढं सरकवला. "मला कोणाच्या सांगण्यावरून पक्कं व्हायचं न्हाई. ओढा."

मेजरनं माझ्याकडं बघितलं. मी नजर फिरवली, मी कोणत्या तोंडानं मधे पडणार होतो? त्यांनी एक जोड उचलला, दोन्ही हातांनी धरून ओढला. नाही निघाला. दुसरा उचलला. नाही निघाला. तिसऱ्यानंतर ते डब्याचं झाकण लावायला लागले.

"सगळे," वैनी म्हणल्या. मग माझ्याकडं वळल्या. "भाई, तुमीबी बसा."

मी खाली मांडी घातली. वैनी कमरेवर हात ठेवून उभ्या. आम्ही दोन बाप्ये, एक हवाई दलातला आणि एक तीस वर्षांचा मिस्त्री, डब्यातून एकेक जोड काढून ओढत बसलो. पहिले दहापंधरा सोपे गेले. मग तळहात लाल व्हायला लागले. वायर बोटांना कापायची. मेजरनं एक जोड गुडघ्याला अडकवून ओढला तर वायरीची तार तुटली, पण लग सुटला नाही. त्यांनी तो तुटका तुकडा बराच वेळ डोळ्यांजवळ धरून बघितला. मला वाटतं त्यांनी वैनींचं काम तेव्हा पहिल्यांदा बघितलं. शेतकऱ्यांतले दोघं विमानाचा आवाज यायला उशीर का म्हणून बघायला आले, ते दारातच उभे राहिले. कोणी हसलं नाही. वैनी त्यांना म्हणल्या, "या, तुमीबी त्या दिवशी होता ना? बसा." तेही बसले.

डबा रिकामा झाला. एकही जोड निघाला नव्हता. मेजर उठले, गुडघे धरून. शेजारी बसलेल्या त्या दोघांकडं बघत, मोठ्यानं म्हणले, "हिचा एकबी जोड कच्चा नव्हता. चूक माझी. मी न बघता बोललो." मग वैनींकडं वळून, आवाज खाली आणून, "माफ कर."

वैनींनी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मला लई लाज वाटत होती, आणि खरं सांगतो, लई बरंपण वाटत होतं. त्या मला म्हणल्या, "भाई, मोटार तुमी दोन तासांत नीट केली. तोंड उघडायला आठ दिवस लावले." मी म्हणलो, "व्हय वैनी." दुसरं काय म्हणणार होतो?

मेजर एकटे वर गेले. आम्ही पट्टीच्या कडेला उभे राहून मोजत होतो: फ्लॅप खाली, वर, खाली, वर. उतरताना त्यांनी मुद्दाम एकदा चाकं टेकवता टेकवता परत वर नेलं, फ्लॅप झटक्यात उचलले गेले आणि विमान उसाच्या कितीतरी वरून निघून गेलं. मग ते उतरले, इंजिन बंद केलं आणि उजव्या सीटवरचं काचेचं झाकण उघडून उभे राहिले. वैनींनी साडीचा काष्टा घातला, चपला काढून गवतात ठेवल्या आणि पंखावर चढल्या. आपण शिवलेल्या गादीवर त्या बसल्या. मेजरनं पट्टा बांधायला हात पुढं केला. त्यांनी तो हळूच बाजूला केला, पट्टा स्वतः बांधला, आणि दोन्ही हातांनी धरून जोरात ओढून बघितला.

"हं," म्हणल्या, "चला आता."